हार घातलेला फोटो

मी महाडच्या कोर्टात बेलिफ होतो. बेलिफ म्हणजे कोर्टाचा कागद माणसाच्या हातात नेऊन देणारा. समन्स असो, नोटीस असो, ती घेऊन नाते गावापासून उमरठपर्यंत गावोगाव फिरायचं, माणूस शोधायचा, त्याची सही घ्यायची. माणूस सापडला नाही किंवा त्यानं कागद घ्यायला नकार दिला, तर दोन पंचांसमक्ष तो कागद त्याच्या दारावर डकवायचा आणि परत यायचं. मला लांबून पाहिलं की माणसं मागच्या दारानं रानात जायची. बायका सांगायच्या, ‘ते मुंबयला गेलेत.’ आणि आतून खोकल्याचा आवाज यायचा. या नोकरीत गोड बोलणारा माणूस कागद तसेच परत घेऊन येतो. माझे कागद कधी परत आले नाहीत, कारण माझी जीभ तिखट होती. मला तिचा अभिमानही होता.

हे आधी सांगितलं, कारण माझ्या सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी मला एक दिवस उशिरा मिळाली. दुसऱ्यांना वेळेवर कागद पोचवण्यात ज्याची हयात गेली, त्यालाच. आणि ती उशिरा मिळाली ती पोस्टामुळं नाही, पावसामुळं नाही, माझ्या या जिभेमुळंच.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो, वाडीही दादाच म्हणायची. आमची बौद्धवाडी पोलादपुरातून उमरठकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. वीस-बावीस घरं, एक विहार, एक विहीर. बुद्धपौर्णिमेला मंडळाचं नाटक व्हायचं, त्यात दादा असायचा. तो स्टेजवर आला की माणसं बिडी विझवायची, एवढंच मी सांगू शकतो. आवाज असा की माईक बंद पडला तरी विहिरीपर्यंत ऐकू जायचा. दहावीनंतर तो मुंबईला कागदाच्या गोडाऊनमध्ये कामाला लागला, तिथून कामगारांच्या नाटकांत गेला आणि तिथं कुणा दिग्दर्शकानं त्याला पाहून सिनेमात घेतलं. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. आमच्या घरात तेव्हा रेडिओसुद्धा धड नव्हता.

पहिल्याच सिनेमात त्याला मोठं काम मिळालं. भूमिका होती मुक्या हमालाची. महाडच्या टॉकीजला तो सिनेमा लागला तेव्हा वाडीनं टेम्पो केला. आईनं आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा पाहिला तो हा. बाहेर आल्यावर सगळे तिच्या पाया पडत होते आणि ती रागावलेली होती.

“एवढा आवाज हाय पोराला,” ती म्हणाली, “आणि अख्ख्या पिच्चरमधी एक शबुद बोलू दिला नाय त्याला. ह्यो कसला मोठा मान?”

आम्ही हसलो. पेपरात त्याचं कौतुक आलं, त्याचं कात्रण मी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं. पुढं त्याला वाळवी लागली. घरात दादाचा दुसरा फोटो नव्हता. मंडळाच्या पोरांनी एकदा फोटो फ्रेम करून आणला होता, तो आईनं परत पाठवला. भगवान बुद्धांची तसबीर सोडली तर भिंतीवर फोटो फक्त आमच्या वडिलांचा, तो ते गेल्यावर लावलेला. “जित्या माणसाचा फोटो भित्तीला कशाला टांगायचा?” ती म्हणायची. “बघायचा आसंल तर त्यानंच घरी यावा.”

पहिली काही वर्षं तो येतही होता. गॉगल लावून एस.टी.तून उतरायचा. एकदा आईसाठी मिक्सर घेऊन आला. आमच्या वाडीतली वीज एवढी दमलेली असायची की बल्बच कसाबसा लागायचा, मिक्सर नुसता गुरगुरायचा. आईनं त्याच्यावर फडकं टाकलं आणि पाट्यावर वाटण वाटलं. दादा तिच्या शेजारी बसून नट-नट्यांच्या नकला करायचा. मला त्याचं हसू ऐकून बरं वाटायचं आणि थोडा हेवाही वाटायचा. तो दोन दिवसांसाठी यायचा आणि घर त्याचं होऊन जायचं. आईचा दमा आणि गळका पत्रा बघणारा मी मात्र घरातला नोकर वाटायचो. हे मनात होतं, ते आता लपवून काय करू.

मग त्याचं बिनसायला लागलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. लोक म्हणतात दारू. पण दारू नंतर आली. एका मे महिन्यात तो न कळवता आला आणि चार दिवस ओट्यावर बसून राहिला. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. चौथ्या दिवशी आईला म्हणाला, “आई, मी ल्हानपणी कसा होतो गो?”

“रडका,” आई म्हणाली.

“मग तवापास्नंच हाय ह्ये,” तो म्हणाला आणि परत गप्प झाला.

मी रजा टाकून त्याला महाडला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं अर्धा तास दादाशी एकट्यानं बोलून गोळ्या दिल्या, त्या तीन महिने चुकवायच्या नाहीत असं सांगितलं. परत येताना आम्ही सावित्रीच्या पुलावर उभे राहिलो. दादानं खिशातनं पुडी काढली आणि गोळ्या एकेक करून नदीत टाकायला लागला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. रस्त्यानं माणसं जात होती, ओळखीचा एक वकील जात होता, तरी मी ओरडलो, “बंद कर तुझी नाटकं! घरी आई खोकून मरतीय आणि हा इथं हिरो बनून उभा आहे!”

तो शांतपणे म्हणाला, “नाटकात तरी मला बरं वाटतं रे.”

मला ते वाक्यही नाटकी वाटलं. मी त्याला तिथंच सोडून कोर्टात निघून गेलो.

त्यानंतर तो सिनेमातनं हळूहळू उतरत गेला. शूटिंगला उशिरा जायचा, कधी जायचाच नाही. एका सहायक दिग्दर्शकाच्या त्यानं कानाखाली वाजवली, ती बातमी सगळीकडे झाली. मुका हमाल झालेला माणूस हवालदार झाला, मग हॉटेलातला वेटर, मग बाजाराच्या सीनमध्ये पाठमोरा भाजी घेणारा. वाडीतली पोरं आधी त्याला शोधायला सिनेमा बघायची, मग ती शोधायचीही थांबली.

एकदा मी कामासाठी मुंबईला गेलो तेव्हा त्याच्या चाळीतल्या खोलीवर उतरलो होतो. त्या दिवशी तो पिऊन नव्हता. हसत हसत त्यानं मला त्याचं नवं काम सांगितलं. टीव्हीच्या एका मालिकेला हिरॉइनचा मेलेला बाप हवा होता. म्हणजे माणूस नकोच होता, भिंतीवर लावायला फोटो हवा होता. त्यांनी दादाला कपडेपटातला कोट चढवला. कोट दोन माणसं मावतील एवढा, म्हणून पाठीमागून सगळा टाचण्या लावून आवळला.

“पाठीमागनं बघितलं असतंस तर बुजगावणं,” दादा म्हणाला. “पुढनं बघ, बॅरिस्टर! आणि काम किती सोपं. उशिरा जायची भीती नाय, डायलॉग विसरायची भीती नाय. हार घालून टांगला की झालं.”

मी विचारलं, “आईला सांगू?”

“येडा हायेस काय?” तो म्हणाला. “जित्या माणसाच्या फोटोला हार घातला म्हणून ती मला खरंच मारंल.”

मी घरी काही बोललो नाही. तेवढंच सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पुढं आठ-नऊ महिने दादाचा फोनही आला नाही, पत्रही नाही. आमच्या वाडीत फोन नव्हता. पोलादपूरच्या स्टँडजवळ एका चाचांचा एस.टी.डी. बूथ होता. हे चाचा दहा-बारा वर्षं कुवेतला राहून परत आले होते. बूथ होता, शेजारी कॅसेटचं दुकान होतं. आमच्या वाडीचे सगळे निरोप त्यांच्याकडे यायचे आणि ते कुणा ना कुणाबरोबर पाठवून द्यायचे. महत्त्वाचा निरोप असला तर स्वतः सायकल काढून यायचे. दादाच्या पहिल्या सिनेमाचं पोस्टर त्यांच्या दुकानात कितीतरी वर्षं चिकटवलेलं होतं.

एक दिवस मी एका खेड्यात समन्स बजावून दुपारी घरी आलो तर आमच्या अंगणात चपलांचा खच पडलेला. ओट्यावर पुरुष बसलेले. आत बायका आईला धरून बसल्या होत्या. आमच्यात समाचाराला येताना माणूस मेणबत्तीचा पुडा घेऊन येतो. कोपऱ्यात पुड्यांचा ढीग लागला होता. आई भिंतीला टेकून समोर बघत होती, तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. माझी बायको धावत आली आणि म्हणाली, “दादा गेले. टीव्हीवर बातमी दाखवली.”

मी दारातच बसलो. कुणी तरी पाणी दिलं. बातमी आणली होती आमच्या आत्यानं. ती महाडला लेकीकडे गेली होती, तिथं सकाळी लेक बाजाराला गेली असताना टीव्हीवर तिनं भाच्याचा हार घातलेला फोटो पाहिला, खाली एक बाई हुंदके देत होती. आत्या तिथंच टाहो फोडून पहिली एस.टी. पकडून निघाली. टीव्हीवर मोठा माणूस गेला की असाच फोटो दाखवतात, हे तिला ठाऊक होतं. मालिका म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. वाटेत दोन वाड्यांना तिनं सांगितलं आणि तिसऱ्या तोंडाला त्याची बातमी झाली. आठ-नऊ महिने ज्याचा पत्ता नाही अशा दारुड्या माणसाच्या मरणावर कोण शंका घेणार? मला स्वतःलाही आली नाही. कोटाची गोष्ट मला तेव्हा आठवलीच नाही.

मुंबईचा नंबर घेऊन मी बूथवर गेलो. चाचांनीही दुकानाचं शटर ओढलं होतं, पण मला बघून उघडलं. दादाच्या चाळीखाली चहाची टपरी होती, तिथं फोन होता. मी रडत रडत विचारलं, माती कधी करणार? टपरीवाला म्हणाला, “कुणाची? तो काय समोर बसलाय.”

मग दादा फोनवर आला. दुपारचे चार वाजले होते आणि त्याची जीभ जड झालेली होती. मी सगळं सांगितलं. तो हसत सुटला.

“मी मेलो? कवा? मला तरी कळवायचं!” मग त्यानं विचारलं, “किती माणसं आलीत रे?”

“चाळीसेक असतील.”

पलीकडून कपबशांचा आवाज येत होता.

“चाळीस,” तो म्हणाला. “माझ्या शेवटच्या पिच्चरला एवढी नव्हती.”

मी म्हणालो, आता तरी ये, आईला तोंड दाखव. तो म्हणाला, “येत्या रविवारी येतो.”

चाचा माझ्याबरोबरच वाडीत आले. त्यांच्याही हातात मेणबत्त्यांचा पुडा होता, बातमी ऐकली तेव्हाच त्यांनी तो घेऊन ठेवला असावा. वाटेत ते म्हणाले, “आयुष्य वाढलं त्याचं. चांगलं झालं.” आता घरी जाऊन हसून सांगायचं, सगळ्यांना चहा पाजायचा, एवढंच काम होतं. दुसरा कुणी असता तर त्यानं तेच केलं असतं.

मी अंगणात पोचलो आणि मला आई दिसली. अजून तशीच, भिंतीला टेकून. दोन तास ती मेलेल्या पोराची आई होऊन बसली होती. माझं डोकं फिरलं. पहिल्यांदा आत्याला बोललो, नको नको ते बोललो. ती माझ्या वडिलांची बहीण, सत्तरीची बाई. मग कोपऱ्यातला मेणबत्त्यांचा एक पुडा उचलून अंगणात भिरकावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, “ह्यापुढं माझ्या भावाच्या मरणाची बातमी कुणी ह्या दारात आणली तर पायताणानं हाणीन! लेखी कागद असला तरच तोंड उघडायचं. कागद नाय तर बातमी नाय!”

बोलताना माझं बोट चाचांकडे होतं. का, ते माहीत नाही, ते समोर होते म्हणून. चाचांनी हातातला पुडा ओट्याच्या कडेला ठेवला आणि ते सायकल घेऊन निघून गेले. माणसं एकेक करून उठली. मेणबत्त्या कुणी परत नेल्या नाहीत.

दादा रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भारनियमनाच्या दिवसांत आम्ही त्याच मेणबत्त्या लावायचो. दिवे गेले की आई सुनेला हाक मारायची, “आण गो दादाच्या मेणबत्त्या.” आम्ही हसायचो. दोन-अडीच वर्षं पुरल्या त्या आम्हाला. मधून मधून दादा बूथवर फोन करायचा, “येतो” म्हणायचा. आई आशेनं रोज एक भाकरी जास्त टाकायची आणि सकाळी ती शेजारच्या कुत्र्याला घालायची. तिला दुसरं काही नको होतं. एकदा पोरानं घरी यावं आणि त्याचं तोंड दिसावं, बस.

श्रावणातली एक सकाळ होती. मी कोर्टात पोचलो तर फाटकाशी चाचा उभे. भिजलेले, हातात मिटलेली छत्री. पोलादपूरहून पहिल्या गाडीनं आले होते. मला बघून ते दोन पावलं मागं सरले. त्यांचं ते मागं सरणं माझ्या अजून डोळ्यांपुढं आहे.

“भाई, रागावू नका,” ते म्हणाले. “माझ्याकडं कागद नाय.”

दादा आदल्या दिवशी पहाटे गेला होता. सकाळी सातला चाळीतून बूथवर फोन आला. चाचांना वाटलं, आधी खात्री करावी. त्यांनी परत फोन लावला, तो लागेना. पावसानं लाईन गेली होती. त्यांनी चाळीच्या शेजारच्या दुकानाचा नंबर मिळवायचा प्रयत्न केला. तार येईल म्हणून पोस्टात दोनदा जाऊन बसले. दोनदा सायकल काढून वाडीच्या वाटेला लागले आणि दोनदा अर्ध्यातून परत फिरले. संध्याकाळी उशिरा कसाबसा फोन लागला तेव्हा पलीकडच्या माणसानं सांगितलं, चारपर्यंत वाट बघितली, मग माती आटोपून घेतली.

“मी यायला पायजे होतं,” चाचा म्हणाले. “पण तुमच्या आईला परत एकदा खोटं सांगायची माझी हिंमत नाय झाली.”

मी तसाच स्टँडकडे निघालो.

वाडीत येऊन मी आईला सांगितलं, दादा गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “खरा?” मी मान हलवली. ती लगेच उठली, लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि म्हणाली, “चल. तोंड तरी दिसंल ना?”

“दिसेल,” मी म्हणालो.

पाच-सहा तासांचा प्रवास होता. माणगावला तिनं विचारलं, “थांबलं आसतील ना आपल्यासाठी?” मी म्हणालो, हो. पेणला विचारलं, “बरफ ठेवला आसंल?” मी म्हणालो, हो. पनवेलला तिनं पिशवीतून एक भाकरी काढून मला दिली, स्वतः खाल्ली नाही. चाळीच्या जिन्यात, वर जायच्या आधी, मी तिला खरं सांगितलं. ती तिसऱ्या पायरीवर बसली. माणसं तिला चुकवून वर-खाली जात होती. ती म्हणाली, “मग मला आणलास कशाला रे?”

शेजाऱ्यांनी एका पिशवीत त्याच्या वस्तू भरून ठेवल्या होत्या. दोन शर्ट, रंगाची डबी, चपला, कंगवा. फोटो एकही नव्हता. पोट फुगलं होतं, दोन दिवस दवाखान्यात होता, असं त्यांनी सांगितलं. आईनं कंगव्यात अडकलेले केस बोटांनी काढले आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी आमच्यात करतात त्या विधीला, फोटो लागतो. फोटोला हार घालायचा, मेणबत्ती लावायची, मग वंदना. आईनं पहिल्यांदा स्वतःहून फोटो मागितला, तेव्हा मला तो कोटातला फोटो आठवला. मी परत मुंबईला गेलो, विचारत विचारत त्या स्टुडिओत पोचलो. प्लायवूडच्या भिंतीवर तो टांगलेला होता. केस चापून बसवलेले, टाय, गळ्यात चंदनी हार. एवढा नीटनेटका दादा मी कधी पाहिला नव्हता. वस्तू सांभाळणाऱ्या माणसाला मी सांगितलं, हा फोटो मला हवा आहे. तो म्हणाला, मालिका चालू आहे, भिंतीवरचा फोटो कसा काढणार? तो काही वाईट बोलला नव्हता. कदाचित त्यानं त्या फोटोचाच दुसरा फोटो काढून दिला असता. पण मी म्हणालो, “हा माझा भाऊ आहे,” आणि तो सहज बोलून गेला, “अहो, हा हिरॉइनचा बाप आहे.” मी त्याची कॉलर धरली. दोन वॉचमननी मला उचलून फाटकाबाहेर ठेवलं. जन्माची खोड अशी जाते होय.

फोटोशिवाय परत आलो तर घरही रिकामं होतं. समाचाराला कुणी आलं नव्हतं. वाडीतली चार घरं येऊन गेली तेवढीच. बाकीचे थांबले होते. आत्याकडे मी माणूस पाठवला, तेव्हा तिनं त्याच्याबरोबरच उलटा निरोप धाडला, “कागद हाय का म्हणावं?”

कागद होता. मुंबईहून मी मृत्यूचा दाखला आणला होता. तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला, छत्री घेतली आणि निघालो. पहिलं घर आत्याचं. तिच्या दारात उभा राहिलो, दाखला काढला, तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं. तिच्या नातवानं वाचून दाखवला, नाव, वय, कारण. आत्यानं तो हातात घेतला, डोक्याला लावला आणि रडायला लागली. तिथून पुढच्या वाडीत गेलो, तिथून पुढच्या. तीन दिवस फिरलो. माझी चाल बघून काही घरांतली माणसं नेहमीप्रमाणं मागच्या दारानं निघाली, त्यांना हाका मारून परत बोलवावं लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद बजावले, या वेळी माझ्या भावाच्या मरणाचा बजावत होतो, माणसांनी रडायला यावं म्हणून. शेवटी बूथवर गेलो. चाचांनी कागदाकडे पाहिलं नाही. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “बस रे बाबा, चहा पी.” तिथं मात्र मला रडू आवरलं नाही.

माणसं आली, मेणबत्त्या घेऊन. पुण्यानुमोदन झालं. फोटोच्या जागी पांढरा कपडा घातलेली खुर्ची होती, तिच्यावरच सगळ्यांनी फुलं वाहिली. आई त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत नव्हती.

महिनाभरात मी घरी टीव्ही घेतला. संध्याकाळी साडेसातला ती मालिका लागायची, दुसऱ्या सकाळी तोच भाग परत दाखवायचे. आईला गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं, कोण कुणाची सून तेही तिला ठाऊक नव्हतं. ती फक्त त्या भिंतीची वाट बघायची. कधी भिंत दोनदा दिसायची, कधी तीन-तीन दिवस नाही. दिसली की ती चूल पेटवायला उठायची. नाही दिसली तर “आज नाय आला” म्हणून तशीच बसून राहायची. दिवे गेले तरी आठपर्यंत ती काळ्या पडद्यासमोर बसायची, मधेच येतील म्हणून. मी त्या वेळेला घरात थांबत नसे. काही तरी काम काढून बाहेर पडायचो.

एके दिवशी पावसानं अडकलो आणि तिच्या शेजारी बसलो. मग माझ्या तोंडून निघालं, “आई, त्या दिवशी मी तसं बोललो नसतो तर तुला त्याचं तोंड दिसलं असतं.”

“हो,” आई म्हणाली. “दिसलं आसतं.”

तिनं एवढंच म्हटलं. राग नव्हता तिच्या आवाजात, माफीही नव्हती. मी आणखी काही बोलणार होतो, तर तिनं हात वर केला. “गप रे. आता दिसंल तो.”

टीव्हीतली मुलगी घरात आली, चप्पल काढली आणि भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. आधीचा हार काढून तिनं नवा घातला. तिच्या खांद्यावरून दादा आमच्याकडे बघत होता, टाचण्यांच्या कोटात, अगदी बॅरिस्टर. आई गुडघ्यांवर सरकत टीव्हीच्या काचेपर्यंत गेली. दोन्ही हात तिनं त्याच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली, लांबून आलेल्या पोराची दृष्ट काढतात तशी. मग ती उठून चुलीकडे गेली, आणि तिनं एक भाकरी जास्त टाकली.